संकल्प आणि सवड : हौशी लेखकाच्या वार्षिक उद्दिष्टांविषयी

१

माझे एक परिचित गृहस्थ एका सहकारी बँकेत नोकरीला आहेत. गेली वीसएक वर्षे ते कथा लिहितात. दिवाळीचा पाडवा झाला, की नव्या वहीच्या पहिल्या पानावर ते येत्या वर्षाची आपली लेखनविषयक उद्दिष्टे नोंदवितात. अशी एक वही त्यांनी मला दाखविली होती. रोज किमान एक पान, वर्षभरात सहा कथा, कादंबरीचा पहिला खर्डा, दोन दिवाळी अंकांत हजेरी आणि ‘आईवरची अपुरी कथा आषाढापूर्वी पूर्ण करणे’ अशी ती यादी होती. ती वाचताना मला हसू आले, हे कबूल करावयास हवे. निर्मिती ही ठरवून होणारी गोष्ट नव्हे, हा संस्कार साहित्याच्या अध्यापकावर पक्का झालेला असतो. पण त्या हसण्यात विचारापेक्षा सवयीचाच भाग अधिक होता, असे मागाहून वाटू लागले. प्रस्तुत लेख त्या हसण्याची तपासणी आहे.

अशा याद्यांनी लेखन वाढते की नाही, हा मानसशास्त्राचा प्रश्न झाला. येथील प्रश्न वेगळा आहे. निर्मितीविषयी संकल्प करता येतो काय? येत असेल, तर त्याने लेखक कोणाशी बांधला जातो? आणि तो मोडल्यास नेमका कोणाचा अपराध घडतो?

२

प्रथम ‘हौशी’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. ‘हौस’ हा शब्द अरबी-फारसी ‘हवस’पासून मराठीत आला, येथे येताना त्याच्यातील वासनेचा दाह निवाला आणि आवडीचा गोडवा उरला. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. या म्हणण्यात हौसेचा गौरव आहे, तशीच हौसेच्या फळाला बाजारात किंमत नाही ही कबुलीही आहे. ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ ही जोडी आपल्या परिचयाची झाली ती मुख्यतः रंगभूमीमुळे. वाङ्मयाला ती जशीच्या तशी लावू गेल्यास मोठी अडचण उभी राहते. केशवसुत शाळेत शिकवीत, मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करीत. निर्वाहाची कसोटी लावली, तर आधुनिक मराठी वाङ्मयाचा फार मोठा भाग हौशी लेखकांचा ठरेल. याचा अर्थ असा, की हौशीपणा ही लेखकाच्या दर्जाची वर्गवारी नव्हे. ती त्याच्या वेळेची अवस्था आहे.

ही गोष्ट संस्कृत साहित्यशास्त्राला ठाऊक होती. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त कविचर्येचे एक प्रकरण आहे आणि त्यात वेळेच्या दृष्टीने कवींचे चार प्रकार केले आहेत. जगाकडे पाठ फिरवून अखंड काव्यातच राहणारा तो असूर्यंपश्य. वृत्ती लागेल तेव्हा बैठक मारून रचणारा, पण तितका एकांतनिष्ठ नसलेला तो निषण्ण. सेवा वगैरे व्यवहाराला बाध न आणता मधल्या सवडीत लिहिणारा तो दत्तावसर. आणि काही प्रसंग पुढे आला म्हणजे त्यास अनुसरून लिहिणारा तो प्रायोजनिक. दत्तावसर कवीसाठी राजशेखराने काही वेळाही सुचविल्या आहेत. रात्रीच्या अखेरचा सारस्वत मुहूर्त, भोजनोत्तर स्वस्थतेचा काळ, पालखीतील प्रवास या त्यांपैकी होत. दहाव्या शतकाच्या आगेमागे कनोजच्या दरबारात वावरलेल्या या पंडिताने, नोकरदार लेखकाला कमी न लेखता, त्याच्या वेळापत्रकाचा शास्त्रात विचार केला ही गोष्ट लक्षणीय आहे. आमचे गृहस्थ हे अस्सल दत्तावसर होत. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून मराठी दत्तावसराचा हळूहळू प्रायोजनिक होत गेला आहे, एवढी पुस्ती जोडावी लागेल. त्याचे वर्ष एकतीस डिसेंबरला संपत नाही. ते दिवाळीला संपते. पाडव्याला वही उघडण्यामागे हेच गणित आहे.

३

संकल्पाची भाषा भविष्यकाळाची असते. ‘लिहीन’, ‘पूर्ण करीन’. पण चालढकलीची भाषाही नेमकी हीच असते. राजशेखराने रचना नष्ट होण्याची कारणे दिली आहेत, त्यांत आग, पाणी, देशत्याग यांच्याबरोबर कवीच्या मनातील तीन वाक्ये आहेत : पुन्हा केव्हातरी पुरी करीन, पुन्हा संस्कार करीन, मित्रांशी विचारविनिमय करीन. पोथी आगीत जळते तशी ती या ‘करीन’मध्येही जळते. मग संकल्पाचा ‘करीन’ आणि चालढकलीचा ‘करीन’ यांतील भेद कशावरून ओळखावयाचा?

याचे उत्तर आपल्या घरोघरच्या धार्मिक विधीत सापडते. पूजेच्या आरंभी सोडावयाचा संकल्प हे एक विलक्षण वाक्य आहे. त्यात स्थळ सांगितले जाते, काळ सांगितला जातो, कर्त्याचे नाव व गोत्र सांगितले जाते. मग इष्ट फलाचा उल्लेख होतो, आणि क्रियापद येते ते मात्र कर्माचे : हे कर्म मी करीन. फल हे प्रयोजन म्हणून वाक्यात असते. प्रतिज्ञा फलाची नसते. तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडले, की कर्म सुरू झालेले असते. चालढकलीच्या वाक्याला यांपैकी काहीच नसते. ना स्थळ, ना मुहूर्त, ना ओला हात. या विधीवर श्रद्धा असो वा नसो, त्याचे व्याकरण लेखकाने अभ्यासावे असे आहे. ‘या वर्षी मी उत्तम कादंबरी लिहीन’ हे वाक्य त्या व्याकरणात बसत नाही, कारण ‘उत्तम’ हे फल आहे. ‘रोज पहाटे या मेजाशी बसेन’ हे बसते.

मात्र येथे एक तात्त्विक अडचण उपस्थित होते. विधीत साक्षीला देवता असते; लेखकाच्या वहीत कोण असते? हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) म्हटले आहे, की जो केवळ स्वतःशीच बांधलेला असतो तो बांधलेलाच नसतो, बांधणारा तोच असल्याने सोडविणाराही तोच असतो. हा आक्षेप हौशी लेखकाच्या संदर्भात फार बोचरा आहे. त्याला मुदत घालणारा प्रकाशक नसतो, वाट पाहणारा वाचकवर्ग नसतो. आषाढापूर्वी कथा पुरी झाली नाही तर तो स्वतःला सहज क्षमा करू शकतो, आणि बहुधा करतोच. त्याचा संकल्प जर खरोखर स्वतःलाच दिलेले वचन असेल, तर हॉब्जचे म्हणणे मान्य करून वही मिटावी हे बरे.

पण ते तसे आहे काय? या प्रश्नाचा निर्णय करण्यापूर्वी संकल्पातील संख्येचा विचार करावा लागेल. कारण वहीतील बहुतेक नोंदी संख्येच्या आहेत, आणि मला हसू आले ते त्यांनाच.

४

पाने आणि शब्द मोजणाऱ्या लेखकांत अँथनी ट्रोलप प्रसिद्ध आहे. तो ब्रिटिश टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला मेजाशी बसावयाचे, समोर घड्याळ ठेवावयाचे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहावयाचे, असा त्याचा नेम होता. आठवड्यागणिक पानांचा हिशेब तो रोजनिशीत मांडी. मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे सारे न लाजता सांगितले, आणि त्या कबुलीने त्याच्या वाङ्मयीन प्रतिष्ठेला धक्का बसला असे मानले जाते. पण ट्रोलपचे म्हणणे नीट पाहिले, तर त्यात उद्दामपणा नाही. चांभार स्फूर्तीची वाट पाहत बसत नाही, मग कादंबरीकाराने का बसावे, असा त्याचा सवाल आहे. स्फूर्तीची वाट पाहणे हे पुष्कळदा स्वतःला असामान्य समजण्याचे एक सोज्ज्वळ निमित्त असते. संख्या ते निमित्त काढून घेते. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींना मिळून काव्याचा एकच हेतू मानले. शक्ती आपल्या हाती नाही. अभ्यास आहे, आणि जे हाती आहे तेच मोजता येते. म्हणून ‘रोज एक पान’ या नोंदीत हसण्यासारखे काही नाही. ती हजेरीची नोंद आहे, आणि तीत नम्रता आहे.

मात्र यादीतली शेवटची नोंद या जातीची नव्हती. आईवरची कथा तीन वर्षे अडली होती, आणि ती का अडली हे गृहस्थांना चांगले ठाऊक होते. आईच्या अखेरच्या आजारात ते तिच्याजवळ फारसे थांबले नव्हते. कथेतला मुलगा त्या खोलीच्या दारापर्यंत येई आणि लेखणी तेथेच थबके. त्या वर्षी मात्र उद्दिष्टाची मुदत आली, एका संपादकांचे पत्रही आले, आणि कथा पुरी झाली. मुलगा खोलीत गेला, आईने त्याचा हात धरला, दोघांचे मन मोकळे झाले. कथा छापून आली, वाचकांची पत्रे आली. काही महिन्यांनी ते मला म्हणाले, “सर, गोष्ट संपली, पण ती आईची राहिली नाही.”

हे केवळ वस्तुस्थितीशी प्रतारणा केल्याचे दुःख आहे, असे समजणे चुकीचे होईल. प्रत्यक्षात न घडलेले कथेत घडू शकते. कथेचा तो अधिकारच आहे. ‘वाङ्मयीन महात्मते’ची मीमांसा करताना मर्ढेकरांनी लेखनगर्भ आत्मनिष्ठेची कल्पना मांडली. लेखकाच्या लौकिक जीवनातील प्रामाणिकपणाहून ही निष्ठा वेगळी आहे. लिहिले जात असताना जाणिवेला जे प्रतीत होत आहे त्याच्याशी इमान राखणे, असा तिचा आशय घेता येईल. या कसोटीवर त्या कथेचा दोष नेमका दिसतो. दारातून आत जाणे त्या मुलाला शक्य झाले ते कथेच्या आतल्या कोणत्याही कारणाने नव्हे; आषाढ जवळ आला म्हणून. बाहेरच्या पंचांगाने आतल्या घटनेचा निर्णय केला.

संख्येची मर्यादा येथे स्पष्ट होते. ‘बसेन’ असे वचन देणारा लेखक स्वतःच्या मालकीचे काहीतरी देऊ करतो. ‘संपवीन’ असे वचन देणारा मात्र जे त्याच्या एकट्याच्या मालकीचे नाही तेही देऊ करतो. कारण कृतीचा शेवट कृतीकडूनच मिळवावा लागतो. दुसऱ्याच्या वस्तूवर दिलेले वचन पाळावयाचे, तर चोरी करावी लागते. अपुरी राहिलेली कथा हे अपयश असेल. मुदतीसाठी पुरी केलेली कथा हा अपराध आहे. वही मात्र पहिलीपुढे फुली मारते आणि दुसरीपुढे बरोबरची खूण.

५

आता हॉब्जकडे परत येता येईल. त्या गृहस्थांना जी टोचणी लागली, ती स्वतःशी केलेला करार मोडल्याची नव्हती. करार तर त्यांनी पाळला होता. म्हणजे त्यांचे खरे बंधन वहीतल्या वाक्याहून वेगळे आणि आधीचे होते. ते त्या कथेशी होते, आणि कथेतून त्या स्त्रीशी, जी आता कोणालाही ऋणमुक्त करू शकत नव्हती. लेखनाचा संकल्प वरवर स्वतःला दिलेले वचन दिसतो, पण त्यात नेहमी तिसरा पक्ष असतो. म्हणूनच लेखक एकतर्फी सुटू शकत नाही.

याखेरीज आणखी एक पक्ष आहे, आणि त्याचा उल्लेख यादीत कधीच नसतो. ‘दत्तावसर’ या शब्दाचा विग्रह करताना विचारावे लागते : अवसर दिला कोणी? ट्रोलपने याचे उत्तर मोकळेपणाने दिले आहे. पहाटे त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक वृद्ध मोतद्दार होता. त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपल्या यशाबद्दल आपण इतर कोणाहीपेक्षा या माणसाचे अधिक ऋणी असू, अशी नोंद ट्रोलपने केली आहे. आपल्याकडे हे काम पाच पौंडांशिवाय होते. सारस्वत मुहूर्तावर दार लोटून घेता येते, कारण दाराबाहेर कोणीतरी मुलांना गप्प बसविते, दूध तापविते. राजशेखराने पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात असे स्पष्ट म्हटले, पत्नी अवंतिसुंदरीची मतेही आदराने नोंदविली. पण घर सांभाळणाऱ्या कवयित्रीच्या सवडीची वेळ त्याच्या वेळापत्रकात वेगळी दाखविलेली नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी जात्यावर आणि शेतात, काम चालू असतानाच आकाराला आली. इतरांनी ती टिपून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत पोचली. हा असूर्यंपश्य, निषण्ण, दत्तावसर, प्रायोजनिक यांपैकी कोणताच प्रकार नव्हे. ज्यांना अवसर दिलाच गेला नाही, त्यांच्यासाठी शास्त्राने नाव ठेवलेले नाही.

सवड ही दिलेली वस्तू आहे, हे एकदा मान्य केले, की हौशी लेखकाच्या संकल्पाचे स्वरूप पालटते. त्याचा अर्थ असा नव्हे, की घेतलेल्या वेळेच्या मोबदल्यात त्याने पुस्तके मोजून द्यावीत. तो पुन्हा फलाचाच हिशेब होईल. त्याने द्यावयाचे आहे ते एवढेच, की त्या वेळेत तो खोटे लिहिणार नाही. दार मिटून घेऊन, दुसऱ्याच्या कष्टांवर मिळालेल्या तासात जो मुदतीपोटी बनावट शेवट रचतो, तो कथेला फसवितोच. पण दाराबाहेरच्या माणसालाही फसवितो.

या विवेचनाला एक आक्षेप शक्य आहे. खोटे लिहिणार नाही असा संकल्प केलेला लेखक कदाचित काहीच लिहिणार नाही. सत्यनिष्ठा ही चालढकलीची सर्वांत प्रतिष्ठित सबब होईल. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच हजेरीची संख्या टाकून देता येत नाही. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात : रोज बसावयाचे, आणि शेवट उसना आणावयाचा नाही. पहिली अट मोजता येते. दुसरी येत नाही, आणि तिची साक्ष लेखकावाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही. साहित्यविचाराने येथे लेखकाला एकटे सोडले आहे खरे. पण या एकटेपणातूनच हौशी आणि व्यावसायिक हा भेद निरर्थक होतो, कारण तेथे दोघांची स्थिती सारखीच असते.

त्या गृहस्थांची पुढच्या पाडव्याची वही मी पाहिली. सहा कथा, दोन दिवाळी अंक या नोंदी गेल्या होत्या. ‘रोज एक पान’ ही कायम होती. तिच्याखाली आईवरच्या कथेचे नाव पुन्हा लिहिलेले होते. त्यापुढे महिना घातलेला नव्हता.