उडत्या पाखराचा नियम

प्रतापगडला लोक जातात ते महाशिवरात्रीच्या यात्रेला, नाहीतर दर्ग्यावर. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या टापूत धानाच्या बांध्या, मधूनमधून बोड्या म्हणजे लहान तळी, पलीकडे इटियाडोह धरणाचं पाणी. आणि बांध्या संपून झुडपी जंगल सुरू होतं त्या पट्ट्यात तितर. रानकोंबडी आणखी आत, नाल्याकाठच्या बांबूत. लावा कापणीनंतरच्या धसकटांत. शिकारीवर लिहायला बसलं की आपण थेट वाघाकडे धाव घेतो. पण या झाडीपट्टीत ज्याच्या घरी ठासणीची बंदूक असे, त्याची नेहमीची शिकार म्हणजे ही पाखरं. एकटा माणूस, खांद्यावर बंदूक, सोबत कुत्राही नाही.

विलायतेत पाखरांची शिकार कुत्र्याशिवाय होतच नसे म्हटलं तरी चालेल. पाखराचा वास काढायचा, ते दबून बसलंय तिथे थबकायचं, मग उठवायचं आणि पडलेलं शोधून आणायचं, ही सगळी कामं कुत्र्यांची. माणसाने फक्त बार काढायचा. साहेबांनी ते कुत्रे इकडेही आणले, पण आपल्या उन्हात तापलेल्या जमिनीवर वास टिकत नाही आणि बिबट्याला कुत्रा फार आवडतो. मग कुत्र्याचं काम माणसांवर आलं. हाका घालायला गावंच्या गावं बाहेर काढली जात, पुष्कळदा बेगारीवर. शिकारकथांत हाकाऱ्यांना नावं नसतात. कुत्र्यांना मात्र हमखास असतात.

एकट्या माणसाला यातलं काहीच नाही. त्याला तितराची सवय ठाऊक असावी लागते. तितर उडायला नाखूश, आधी पळतो. सरळ चालत गेलात तर तो पुढेपुढे पळत राहील आणि काटेरी झुडपात शिरून नाहीसा होईल. म्हणून नागमोडी चालायचं आणि मध्येच थांबायचं. पावलांचा आवाज चालू असतो तोवर पाखराला माणूस कुठे आहे ते कळत असतं; आवाज बंद पडला की त्याचा धीर सुटतो आणि भर्रकन उठतं. सकाळी तो कुठल्या अंगाला ओरडला, दुपारी कोणत्या सावलीत धूळ अंगावर घेतो, रात्री कोणत्या बाभळीवर बसतो, हा सगळा हिशेब डोक्यात हवा.

खरी अडचण बार लागल्यावर. छऱ्याने पंख मोडलेला तितर खाली पडतो आणि पाय शाबूत असतील तर पळतो. कुत्रा असता तर त्याने तो गवतातून हुडकून काढला असता. कुत्रा नसलेल्याने पडल्या जागेची एखाद्या पळसाशी रेघ धरून नजर न हलवता सरळ तिथे जायचं असतं. दुसरा पक्षी उठला तरी त्याच्याकडे बघायचं नसतं. तरीही काही सापडत नाहीत. ते कुठेतरी दोन दिवसांनी मरतात किंवा कोल्ह्याच्या तोंडी जातात.

आता साहेबी शिकारीचा तो प्रसिद्ध शिष्टाचार बघा. बसलेल्या पाखरावर बार टाकू नये, उडत्यावरच टाकावा, त्यातच मर्दुमकी. आपल्याकडच्या संस्थानिकांनी आणि मालगुजारांनीही तो उचलला. गावातला शिकारी बसलेला तितर टिपायचा, कारण दारू आणि छरे महाग, एक बार फुकट गेला तर घरात भाजी नाही. म्हणून तो अडाणी ठरला. माझ्या मते अडाणी तो नव्हता. उडत्या पाखराचा नियम कुत्र्याच्या नाकावर उभा आहे. जखमी पाखरू कुत्रा आणून देईल याची खात्री असलेल्या देशात तो नियम शोभतो. कुत्रा काढून घेतला की तोच नियम निव्वळ क्रूरपणा होतो: जास्त जखमी, कमी हाती. वीस पावलांवर बसलेला पक्षी एका बारात मारणं आणि त्याहून लांब असेल तर बंदूक खाली घेणं, हा गावठी कायदा पाखराला जास्त न्याय देणारा होता.

फासेपारध्यांनी तर बंदूकही बाजूला ठेवली. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून ओरडायला लावायचा, भोवती फासे मांडायचे. हद्दीत परका नर आला म्हणून रानातला तितर भांडायला येतो आणि फाशात अडकतो. गायपारधी जनावराच्या आडोशाने पाखराजवळ सरकतो. यात जखमी होऊन निसटणं जवळजवळ नाही आणि मादी अडकली तर सोडून देता येते. सोडत होतेच असं मी म्हणणार नाही. पोट भरायला निघालेला माणूस दरवेळी हिशेबी नसतो. पण बंदुकीचा परवाना असलेला शिकारी ‘शौकीन’ आणि फासेवाला गुन्हेगार, ही वाटणी 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी पक्की केली. तो कायदा 1952 साली गेला, पारध्यांवरचा संशय गेला नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा सुरुवातीला छोट्या शिकारीच्या परवान्याची सोय होती. 1991च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. बरं झालं. बंदी उठवा म्हणणाऱ्यांत मी नाही. आजच्या स्वस्त नायलॉनच्या फाशांनी आणि जीपच्या दिव्यांनी वर्षभरात टापू रिकामा होईल. मात्र कायद्याने हात बांधताना त्या हातांचं ज्ञान कुठे जाणार याचा विचार केला नाही. इथून जवळच्या नवेगावबांधला तो योगायोगाने झाला. माधवराव पाटील डोंगरवार एकेकाळचे शिकारी, पुढे त्याच रानाचे राखणदार. 1975 साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानामागे त्यांचा मोठा हात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे आले, तेव्हा अशा माणसांकडून ते रान शिकले आणि ते ज्ञान त्यांच्या लेखनातून मराठीत आलं. पारध्याकडून असं शिकायला फार कमी अधिकारी गेले.

गोंदियात आता सारसांची गणना होते, वर्तमानपत्रांत आकडे येतात. तितराच्या वाट्याला तेवढं कौतुक नाही, आणि त्याचा शत्रू आता बंदूकवाला नाही. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, ती आग गवतात शिरते. तितर जमिनीवर अंडी घालतो आणि उन्हाळा हा त्याच्या विणीचा काळ. वेचणाऱ्या बाईला दोष देऊन भागणार नाही, तिची वर्षाची रोकड त्या फुलांत असते. झाडाखाली जाळी अंथरली तर पाचोळा जाळावा लागत नाही. ती जाळी गावागावात कोण पोचवणार, हे वनविभागाने आणि ग्रामसभांनी मोहाच्या हंगामाआधी ठरवायला हवं.