बाटलीची वंशावळ

“प्यायची नाही ना भाऊ, ठेवायची आहे.” लंडनला स्थायिक झालेला आमचा एक मावसभाऊ दिवाळीत आमच्या गावी, मोहगावला, आला होता, त्याचं हे वाक्य. इटलीतल्या ‘सासिकाया’ नावाच्या वाइनची एक पेटी त्यानं विकत घेतली आहे. पेटी घरी नाही, एका गोदामात आहे. ती त्यानं अजून पाहिलेलीसुद्धा नाही. हातात फक्त पावती. तरी ‘माझी वाइन’ म्हणताना त्याच्या तोंडावर नातवाचे गुण सांगणाऱ्या आजोबांचं कौतुक होतं. मला ते खटकलं. पैसे त्याचे, त्यानं ते उधळावेत; पण जी चाखायची नाही, तिचं एवढं कौतुक कसलं?

श्रीमंतांचे चोचले, मुरलेल्या वाइनची महती वगैरे वाचकांना ठाऊक आहे. ती पेटी इकडे का येत नाही, हेही समजण्यासारखं आहे. आयात वाइनवर आपल्याकडे कित्येक वर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं. शिवाय दारू हा घटनेनं राज्यांकडे दिलेला विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याची अबकारी निराळी. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर सोबत आणता येते, बस. विलायतेतल्या बाँडच्या गोदामात मात्र माल बाहेर काढेपर्यंत शुल्क भरावं लागत नाही. म्हणून अशा पेट्या तिथेच पडून राहतात. मालक बदलतात, पेटी जागची हलत नाही.

माल वेगळा आणि मालाची हकिकत वेगळी, असं मी नेहमी म्हणतो. मालाला चव असते, वजन असतं. तो कुठे पिकला, कुणी राखला, कुठल्या वाटेनं आला, ही झाली हकिकत. माझा भाऊ हकिकतीचे पैसे मोजतो आणि माल फुकटात पडून राहतो, असा माझा आक्षेप होता. त्याचं उत्तर ठरलेलं: “सोनं तरी कोण खातं?” ते मी उडवून लावलं. सोनं मोडता येतं, अंगावर घालता येतं. ही बाटली उघडली की तिची किंमत गेली, न उघडावी तर तिचा उपयोग नाही.

पण त्याचा दुसरा मुद्दा मला उडवता आला नाही. त्यानं फोनवर एका जुन्या बाटलीचा फोटो दाखवला. लेबल नव्हे, मान. बुचाखाली वाइन कुठपर्यंत आहे ते बघ, म्हणाला. वर्षं जातात तशी पातळी उतरते. ती फार उतरली असेल तर बूच सैल असेल, नाहीतर बाटली कुठेतरी उन्हात तापली असेल. अशी वाइन बारा-तेरा अंशांत, अंधारात, आडवी ठेवतात. जहाजावर शीतपेटीत पाठवतात. आपल्याकडच्या मे महिन्यात ती साध्या ट्रकमधून आणली तर आतली वाइन मरेल, आणि बाहेरून बाटली जशीच्या तशी दिसेल. उघडून पाहावी तर संपली. जो माल चाखून पारखता येत नाही, त्याच्या हकिकतीवरच सगळी भिस्त ठेवावी लागते. यात चोचला नाही, नाइलाज आहे.

मग मी दुसरी बाजू धरली. हकिकत मालापेक्षा महाग झाली की लोक हकिकतच बनवू लागतात. २०२० मध्ये फ्लोरेन्सच्या पोलिसांनी नकली सासिकायाचं एक जाळं उघडकीस आणलं: वाइन सिसिलीची, बाटल्या तुर्कस्तानच्या, लेबलं आणि वेष्टनं बल्गेरियाची. बाटलीत सासिकायाचा थेंब नव्हता, बाहेरची हकिकत मात्र पुरी होती.

इथे जरा मोहाकडे वळतो, कारण आमच्या भागात वाइनचं बोलणं शेवटी मोहावर येतंच. मार्च-एप्रिलच्या पहाटे फुलं टपटपतात. त्याआधी बाया झाडाखालचा पाचोळा लोटून जमीन स्वच्छ करतात, फुलं टोपल्यांत वेचतात, अंगणात वाळवतात. या फुलाकडे सरकारनं कायम संशयानंच पाहिलं. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. भट्टी पेटायच्या आधीच फूल आरोपी. त्याचीही हकिकत विचारली जायची, पण ती भाव वाढवायला नव्हे, पकडायला. मध्य प्रदेश सरकारनं अलीकडे मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान्यता दिली आणि आदिवासी बचत गटांना ती गाळून बाटलीत भरायची परवानगी दिली. म्हणजे तेच फूल, तीच वाफ; कालपर्यंत गुन्हा होता, आज वारसा आहे. हकिकत लिहिणारा कोण, यावर बरंच काही ठरतं.

आणि मग आमची संत्री. सौंसर-पांढुर्ण्याची संत्री जगाला ‘नागपुरी’ म्हणूनच ठाऊक. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हाही झाला. सीमा बदलल्या तरी संत्र्याचं नाव बदललं नाही. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तसं आपल्यालाही सरकारनं द्यावं, म्हणजे झालं, असं मीही चावडीवर म्हणत आलो.

पण सासिकायाची गोष्ट या मागणीच्या आड येते. मारिओ इन्चिझा देल्ला रोक्केत्ता या सरदारानं इटलीतल्या बोल्गेरीच्या रानात फ्रान्सच्या जातीची द्राक्षं लावली. वीसेक वर्षं ती वाइन घरचेच लोक पीत. १९६८ च्या हंगामाची वाइन पहिल्यांदा बाजारात आली. परकी द्राक्षं इटलीच्या नियमात बसत नव्हती, म्हणून सरकारी दर्जा मिळाला तो सगळ्यात खालचा: साधी टेबल वाइन. १९७८ मध्ये लंडनला जाणकारांनी ती मोठमोठ्या फ्रेंच वाइनसोबत चाखली आणि पहिला नंबर दिला. सरकारी मानांकन आलं १९९४ मध्ये. आधी पिणाऱ्यांनी वाखाणली, मग सरकारनं शिक्का मारला.

यातून भावावर एक गोष्ट उलटते. ज्या नावाच्या जोरावर त्याची पेटी न उघडता महाग होते आहे, ते नाव कुणीतरी बाटल्या उघडल्या म्हणून झालं. न पिणारे सगळे पिणाऱ्यांच्या जिवावर जगतात.

दुसरी गोष्ट आमच्यावरच उलटते. आमचं संत्रं रोज कुठे ना कुठे खाल्लं जातं, गोड म्हटलं जातं. पण ते वाखाणणं आमच्यापर्यंत पोहोचत नाही. कारण आम्ही आंबिया बहाराचा बगीचा फळं झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देतो. तोडाई त्याची, छाटणी त्याची, पेटी त्याची, पेटीवरचं नावही त्याचं. पैसे एकरकमी मिळतात, गारपिटीचा घोर त्याच्या डोक्यावर जातो. हा सौदा मूर्खपणाचा नाही. पण त्यात फळासोबत फळाची हकिकतही विकली जाते, आणि तिचा दर आम्ही कधी लावलेला नाही. मानांकनाचा कागद उद्या हाती आला तरी तो चिकटवणार कुठे? पेटी आमची नाहीच.

तेव्हा भावाच्या वेडाची मला आता तेवढी चीड येत नाही. एक बाटली कुठल्या मळ्यातली, कुणाच्या तळघरातली, हे विचारायला जगात माणसं आहेत आणि त्याचे पैसे मोजायलाही तयार आहेत, हे तरी त्यातून कळलं. सरकारकडे शिक्का मागत राहावं, हरकत नाही. पण त्याआधी पुढच्या बहाराला बगीचा देताना व्यापाऱ्याला एक अट घालून पाहावी: भाव दोन रुपये कमी दे, पण पेटीवर गावाचं नाव छाप. तो नाही म्हणाला, तर त्या नावाला किंमत आहे हे आम्हांला त्याच्याच तोंडून कळेल.