परक्या घरचा आरसा

एखाद्या कलाकृतीचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पंडितांच्या परिषदेत निघाला म्हणजे त्याची चर्चा सुखाने होते. कारण तेथे कोणाचेच काही जाणारे नसते. हाच प्रश्न मला माझ्या मामांच्या ओसरीवर भेटला, आणि तेव्हापासून तो मला स्वस्थ बसू देत नाही.

मामा मैंदर्गीचे. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ हे गाव आहे. मामांचे भुसार मालाचे लहानसे दुकान होते. गिऱ्हाइकांशी कानडी बोलावयाचे आणि उंबऱ्याच्या आत आले की मराठी, हा त्यांचा नित्यक्रम. त्यांना व्यसन एकच, जुन्या बोलपटांचे. आडतीच्या कामासाठी सोलापुरास गेले म्हणजे परतीच्या गाडीपूर्वी ते एखादा जुना चित्रपट पाहून येत, आणि चित्रपटगृहाबाहेर विकत मिळणारी गाण्यांची चोपडी जपून ठेवीत. ‘पाकीझा’ त्यांनी किती वेळा पाहिला याची गणती नव्हती. मी दहा वर्षांचा असताना मलाही त्यांनी एकदा नेले होते. अंधारात ते रडत होते, हे मी घरी येऊन सांगितले, आणि घरातल्या बायकांनी त्यावर पोटभर हसून घेतले.

मामांनी लग्न केले नाही. १९९० च्या सुमारास आईच्या सांगण्यावरून मी त्यांच्याकडे एक स्थळ घेऊन गेलो. मुलगी शिकलेली, तिशी उलटलेली; मामा चव्वेचाळीस वर्षांचे. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तू ‘कुंकू’ पाहिला आहेस ना?” मी हसून म्हणालो, “मामा, तुम्ही काही काकासाहेब नाही. एवढे अंतर हल्ली कोण मोजतो?” ते उठून चहा सांगावयास आत गेले. मामांना वयाचा संकोच वाटतो, असे मी आईला कळविले. आईला ते पटले नाही, आणि तिने भावाशी दीड वर्ष अबोला धरला.

पुढे अठ्ठावीस वर्षे गेली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमातून दोन सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांना वगळले, आणि समलिंगी प्रेम हा या देशात गुन्हा राहिला नाही. त्याच आठवड्यात मी मैंदर्गीस गेलो होतो. वर्तमानपत्र ओसरीवर पडले होते. मामा म्हणाले, “अरे, या निकालात माझेही नाव आहे, असे समज.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “त्या दिवशी तू मला काकासाहेब समजलास. पुण्यास शिकत असता मी ‘कुंकू’ पहिल्याने पाहिला, तेव्हा मी नीरा होतो. तू स्थळ आणलेस, त्याला होकार दिला असता, तर मात्र मी काकासाहेब झालो असतो.”

‘कुंकू’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी १९३७ साली तो काढला. तरुण नीरेचे लग्न फसवणुकीने एका वृद्ध विधुर वकिलाशी लावून दिले जाते. ती घर सोडीत नाही, परंतु त्या लग्नाला लग्न मानावयास साफ नकार देते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब ज्यांनी एकदा पाहिले ते विसरत नाहीत. काकासाहेबही दुष्ट नाहीत. आपण एका जिवाचे आयुष्य नासले, हे त्यांना हळूहळू उमगते, आणि शेवटी त्या जाणिवेच्या भाराखाली ते स्वतःचा अंत करून घेतात. या कथेत पुरुषाने पुरुषावर प्रेम केल्याचा कोठे मागमूसही नाही. आता प्रश्न असा की, मामांना तीत स्वतःला पाहण्याचा अधिकार होता काय?

पूर्वपक्ष दुबळा नाही. कोणी म्हणेल की, ‘कुंकू’ जरठविवाहाविरुद्ध काढलेला बोलपट आहे. तो स्त्रियांच्या खऱ्या दुःखातून निर्माण झाला. त्यात ज्याने त्याने आपापले गाऱ्हाणे भरावयाचे ठरविले, तर नीरेचे गाऱ्हाणे राहिले कोठे? दुसऱ्याच्या अश्रूंवर आपली शेती पिकविणे हा एक प्रकारचा अपहार होय. आणि अपहार नसला, तरी आत्मवंचना खास होय. कारण जे पडद्यावर नाही ते पाहणारा मनुष्य अखेरीस स्वतःच्याच मनोराज्यात बसलेला असतो.

आपल्या शास्त्रकारांनी याचा विचार केलेला आहे. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाचा सिद्धांत मांडला, तो असा की, रंगभूमीवरील शोक पाहताना रसिक तो ‘माझा’ असेही मानीत नाही आणि ‘दुसऱ्याचा’ असेही मानीत नाही. व्यक्तीची बंधने गळून पडतात म्हणूनच त्याला रसास्वाद मिळतो. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, तिचाही आशय जवळचाच आहे: वाचक परक्या भूमिकेशी एकरूप होतो, पण स्वतःचे भान पुरते सोडीत नाही. या दोन्ही विचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, रसिकाला स्वतःचे असे एक राहते घर आहे. तेथून तो क्षणभर बाहेर पडतो आणि पुन्हा परत जातो. ज्याला असे घरच नाही, त्याचे काय? ज्याच्या प्रेमाची कथा कोणी लिहीत नाही, ज्याच्या विरहाचे गाणे कोणी रचीत नाही, आणि ज्याच्या मनाला त्याच्या भाषेत शिवीखेरीज शब्द मिळत नाही, तो मनुष्य नाट्यगृहात स्वतःला विसरण्यासाठी येत नाही. तो स्वतःला तीन तास आठवण्यासाठी येतो.

ही काही मैंदर्गीच्या एका दुकानदाराची विचित्र खोड नव्हे. अमेरिकेत १९३४ पासून चित्रपटांवर जी नियमावली कडकपणे लागू झाली, तिने असल्या प्रेमाचा उल्लेखच काय, सूचनाही निषिद्ध ठरविली. तिचा हा निर्बंध १९६१ पर्यंत सैल झाला नाही. परंतु याच काळातले बोलपट त्या लोकांनी सर्वांत अधिक हृदयाशी धरले. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये डोरोथी नावाची एक मुलगी करड्या रंगाच्या माळावरून उडून रंगीत मुलखात जाते, आणि तेथे तिला स्वतःत काहीतरी उणे आहे असे मानणारे सोबती भेटतात. या मुलांच्या कथेवरून पुढे ‘डोरोथीचा मित्र’ ही एकमेकांस ओळखण्याची सांकेतिक भाषा झाली. ज्या पडद्याने त्यांना हद्दपार केले, त्याच पडद्यावर त्यांनी आपले गाव वसविले.

‘पाकीझा’ची गोष्टही तशीच. हा चित्रपट १९७२ च्या फेब्रुवारीत झळकला, आणि त्याची नायिका मीनाकुमारी त्याच वर्षी ३१ मार्च रोजी वारली. त्यातील साहिबजानला तिच्या प्रेमासाठी या जगात घर नाही. आगगाडीच्या डब्यात ती निजलेली असता एक अनोळखी प्रवासी तिच्या पायांजवळ चिठ्ठी ठेवून जातो, आणि त्या चिठ्ठीवर ती जगते. ज्यांना कोणी आपल्याला उघड हाक मारील अशी आशाच नव्हती, त्यांना ही चिठ्ठी का प्रिय झाली असेल, हे समजावयास फार विद्वत्ता नको. सीमेवरच्या गावाला एकाच गोष्टीला दोन भाषांत दोन नावे असण्याची सवय असते. मामा दुकानात कानडी बोलत म्हणून त्यांचे मराठी खोटे, असे कोणी म्हटले नाही. मग एका चित्रपटाने दोघांशी दोन भाषांत बोलू नये काय?

पण आत्मवंचनेचा आक्षेप एवढ्याने मिटत नाही. त्याची कसोटी निराळी आहे. कलाकृतीतून काढलेला अर्थ खरा की खोटा, हे त्या अर्थाने माणसाच्या हातून काय घडविले यावरूनही पाहता येते. ‘कुंकू’ पाहून अश्रू ढाळणारे सद्गृहस्थ महाराष्ट्रात थोडे झाले नसतील. परंतु मुलाच्या किंवा भावाच्या मनाविरुद्ध लग्न जुळविताना त्यांपैकी कितीजणांना नीरेची आठवण झाली असेल? मला तर झाली नाही. मी त्या मुलीचे नाव, शिक्षण आणि वय सांगितले. तिच्या आयुष्याचे काय होईल, हा विचार माझ्या मनास शिवलाही नाही. तो मामांनी केला. आपले दुःख नीरेत पाहणारा मनुष्यच दुसरी नीरा निर्माण करण्यास धजला नाही, आणि त्यासाठी त्याने बहिणीचा अबोला सोसला. तेव्हा नीरेचे गाऱ्हाणे कोणी हिरावून घेतले असेल, तर ते मामांनी नव्हे. ते आम्ही बोलपटाच्या पेटीत बंद करून ठेवले होते.

येथे आपल्या समाजाच्या एका जुन्या सवयीकडे पाहणे अवश्य आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तेच राम आणि तेच सीता. बालगंधर्वांचे लुगडे, दागिने आणि केशरचना यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी हौसेने केले. ‘कुंकू’ आला त्याच १९३७ साली बालगंधर्व ‘साध्वी मीराबाई’ या बोलपटात मीरेच्या वेषात पडद्यावर आले. तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते. या नटांच्या खाजगी जीवनाशी येथे काही कर्तव्य नाही, आणि स्त्रीभूमिका करणे व पुरुषावर प्रेम करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही विसरता कामा नये. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, पुरुषाच्या ठिकाणचे मार्दव दिव्यांच्या उजेडात दिसले तेव्हा आपण त्याला डोक्यावर घेतले, आणि तेच मार्दव शेजारच्या ओसरीवर दिसले तेव्हा त्याला हसलो. कलेचा आस्वाद घ्यावयाचा आणि जीवनात तिचे ऋण नाकारावयाचे, ही रसिकता नव्हे. हा फुकटेपणा होय.

कोणी असेही म्हणेल की, मौन हीसुद्धा एक सभ्यता आहे. मामांनी आपण होऊन सांगितले नाही, मग आम्ही का उकरावे? या म्हणण्यात तथ्य आहे. कोणाचे अंतःकरण उघडण्याचा हक्क नातेवाइकांना नाही. परंतु आमचे मौन या जातीचे नव्हते. आम्ही विचारीत होतो, वर्षानुवर्षे विचारीत होतो: लग्न केव्हा करणार, कोणती मुलगी पसंत, वंशाचे काय. ज्या प्रश्नांना त्यांच्याजवळ खरे उत्तर नव्हते तेवढेच प्रश्न आम्ही विचारले. दार उघडे ठेवून गप्प राहणे निराळे, आणि दाराला बाहेरून कडी घालून गप्प राहणे निराळे.

आता दिवस पालटत आहेत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, तेव्हा पालट पुरता झाला असे म्हणता येत नाही. तथापि २०२५ च्या जानेवारीत रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांसाठीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या सुतकात गावी आलेला एक तरुण आणि त्याचा शेतकरी बालमित्र यांची ती कथा आहे, आणि तीत नातेवाईक लग्नाची टुमणी लावीत असतातच. मामांना हा चित्रपट पाहावयास मिळाला नाही. २०२० साली ते वारले. ज्यांच्या घरी आता स्वतःचा आरसा आला, त्यांना परक्या घरच्या आरशाची गरज उरणार नाही, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या आरशाने अंधाऱ्या काळात मुख दाखविले, त्याच्यावरचे प्रेम उपयोग संपला म्हणून संपत नसते.

गाण्यांच्या चोपड्या माझ्याकडे आल्या आहेत. त्या हाताळून मऊ झाल्या आहेत. कोठेही खूण नाही की अक्षर नाही. परवा मी ‘कुंकू’ पुन्हा पाहिला, आणि साठी ओलांडल्यावर प्रथमच तो मला कळल्यासारखा वाटला. मामांनी मला त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता, आणि मी उत्तर देण्याची घाई केली. ‘होय मामा, पाहिला आहे, तुम्हाला त्यात काय दिसले?’ एवढेच मी म्हणावयास हवे होते.