सब्र कुणी कुणाला सांगावा?

लहान मुलांच्या इस्पितळात काही शब्द वारंवार कानी पडतात. सिस्टर म्हणते, "थांबा." वॉर्डबॉय म्हणतो, "बाजूला बसून घ्या." डॉक्टर म्हणतात, "धीर धरा." आणि भेटायला आलेले आपले लोक म्हणतात, "सब्र करो, अल्लाह मालिक है." सांगणारे वेगळे, त्यांचे हेतूही वेगळे. पण बाळ तापाने फणफणत असताना त्याच्या आईला हे सारे शब्द एकसारखेच ऐकू येतात. तुझ्या हाती काही नाही, तू गप्प राहा, एवढाच अर्थ तिच्यापर्यंत पोहोचतो.

सब्र हा आपल्या धर्मातला फार मोठा गुण आहे. कुरआनने सब्र करणाऱ्यांची जागोजागी प्रशंसा केली आहे. हजरत अय्यूब यांचे नाव आपल्या घराघरांत सब्रसाठीच घेतले जाते. म्हणून सब्र चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. सब्र करणे वेगळे आणि दुसऱ्याला सब्र करायला सांगणे वेगळे. हे सांगण्याचा अधिकार कुणाला आहे आणि तो कशाने मिळतो?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकांतून पडलेला नाही. आम्ही नायगावात राहणारी माणसे. इथून परळ पायी जाण्याच्या अंतरावर. त्या एवढ्याशा टापूत १९२६ साली सुरू झालेले केईएम आहे, १९४१ चे टाटा मेमोरियल आहे आणि आचार्य दोंदे मार्गावर १९२९ पासून उभे असलेले बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आहे. त्यामुळे महाड, मंडणगड, चिपळूण, कराड, सोलापूर अशा ठिकाणांहून आजारी मूल घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या खिशात बहुधा नायगावचा एखादा पत्ता असतोच. कुणी नात्यातला, कुणी गाववाला. बीडीडी चाळीतली खोली म्हणजे १६० चौरस फूट. त्यात घरची माणसे, वर गावाहून आलेला पेशंट आणि त्याचे आईबाप. कॉटवर आजारी मूल, कॉटखाली त्याचा बाप आणि पुरुषमंडळी गॅलरीत, अशा व्यवस्थेत या चाळींनी अनेक वर्षे न सांगता धर्मशाळेचे काम केले. आता त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. पण रात्री इस्पितळातून परतलेल्या आईबापांनी जेवणाच्या ताटावर बसून सांगितलेल्या हकिगती आमच्या मनातून गेलेल्या नाहीत.

त्यांतल्या दोन इथे सांगतो. इस्पितळांची नावे सांगण्याची गरज नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातले एक जोडपे. बाळाच्या हृदयाला छिद्र. बाप गवंडीकाम करणारा. ऑपरेशनची तारीख तीनदा पुढे गेली. तिन्ही वेळा "आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या" एवढेच सांगण्यात आले. प्रत्येक वेळी बापाचा खाडा झाला, प्रत्येक वेळी आईने बाळाला रात्रीपासून उपाशी ठेवले होते. चौथ्यांदाही तारीख पुढे गेली. पण त्या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या. केसपेपरच्या मागे त्यांनी हृदयाचे चित्र काढले, छिद्र कुठे आहे ते दाखवले आणि सांगितले की पहाटे एक बाळ फार वाईट अवस्थेत आले, त्याला आधी घ्यावे लागले, तुमचे बाळ आठ दिवस थांबू शकते, ते थांबू शकले नसते. त्या रात्री तो बाप आम्हाला म्हणाला, "आता थांबायला काही वाटत नाही. दुसऱ्याच्या पोरासाठी थांबतोय."

दुसरी हकिगत एका बुरखा घातलेल्या आईची. तिसरे मूल न्यूमोनियाने आजारी. रात्री बाराच्या सुमारास वॉर्डात कुणीतरी तिला विचारले, "तुम्हा लोकांना अजून किती हवीत?" तिने उत्तर दिले नाही, कारण मुलाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि ती नळी ज्यांच्या हातात त्यांना दुखवणे तिला परवडणारे नव्हते. घरी आल्यावर नातेवाइकांनी तिची पाठ थोपटली. "तू सब्र केलास ते बरे केलेस."

ती गप्प राहिली हे आम्हाला समजते. पण तिच्या गप्प राहण्याला सब्र हे नाव द्यायला आमचे मन घेत नाही. गवंडीकाम करणाऱ्या त्या बापाचा सब्र होता. त्याला खरे कारण कळले, ते त्याला पटले आणि दुसऱ्या मुलाचा जीव आपल्या मुलाच्या पाळीपेक्षा मोठा आहे हे त्याने मनोमन मान्य केले. त्या आईजवळ होती ती भीती. गरिबाच्या आणि त्यातही आपल्या समाजातल्या गरिबाच्या भीतीला आपण फार लवकर सब्र म्हणून मोकळे होतो. त्यामुळे बोलणाऱ्यालाही बरे वाटते आणि आपल्यालाही.

याबाबतीत प्रेषितांच्या आयुष्यातला एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आला आहे. एक स्त्री कबरीजवळ आपल्या मुलासाठी रडत होती. जवळून जाताना प्रेषितांनी तिला अल्लाहचे भय बाळगायला आणि सब्र करायला सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही. तुम्ही इथून जा, माझ्यावरचे संकट तुमच्यावर कुठे आले आहे, असे ती म्हणाली. ते काही न बोलता निघून गेले. ते कोण होते हे नंतर कळल्यावर ती घाबरून त्यांच्या घरी गेली. तिथे दारावर तिला कुणी पहारेकरी आढळले नाहीत. मी आपल्याला ओळखले नाही, असे तिने सांगितले. खरा सब्र तो जो पहिल्या आघाताच्या वेळी केला जातो, एवढेच ते म्हणाले.

या हदीसवर बोलताना बहुतेक जण शेवटच्या वाक्यापाशी थांबतात. आम्हाला त्याआधीच्या तीन गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. पहिली, सांगणारा स्वतः दुःख भोगलेला होता. प्रेषितांचे सर्व पुत्र बालपणीच वारले आणि हजरत फातिमा सोडल्यास मुलीही त्यांच्या हयातीतच गेल्या. लहानग्या इब्राहीमच्या मृत्यूच्या वेळी त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याबद्दल विचारणाऱ्याला त्यांनी या अश्रूंना दया म्हटले होते. दुसरी, दुःखात त्या बाईने उलट उत्तर दिले तरी तिला त्यांनी दरडावले नाही. तिसरी, ती त्यांच्या दारी गेली तेव्हा तिला अडवणारे कुणी नव्हते. सब्र सांगण्याचा अधिकार कशाने मिळतो, या आमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ज्याला दुःखाची ओळख आहे, जो उलट शब्द ऐकून घेतो आणि ज्याचे दार उघडे आहे, त्याने सब्र सांगावा. इतरांनी आधी आपले काम करावे.

काम हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. मूल ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण मानतो. आईबाप ते इस्पितळात आणतात तेव्हा तीच अमानत काही काळासाठी दुसऱ्याच्या हाती सोपवतात. अमानत सांभाळणारा उपकार करत नसतो. त्याच्याकडे हिशेब मागता येतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. कैरोमध्ये सुलतान कलावूनने १२८४ साली मोठा बीमारिस्तान उभारला. त्याच्या वक्फनाम्यात हे इस्पितळ श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष सर्वांना खुले राहील, असे लिहिलेले होते. इतकेच नव्हे, तर रुग्णांच्या अन्नावर झाकण असावे, उकाड्यात त्यांच्यासाठी पंखे असावेत, अशा बारीक गोष्टीही त्यात होत्या. देणाऱ्याच्या मनात दया होतीच. पण पुढे येणाऱ्या कारभाऱ्यांच्या मनात ती असेल की नाही याचा भरवसा नसल्याने त्याने ती कागदावर बांधून ठेवली. पंखा मागणाऱ्या रुग्णाला सब्र करायला सांगता येऊ नये, याचीच ही तजवीज म्हणायची.

आमच्या शेजारचे वाडिया रुग्णालयही अशाच दानातून उभे राहिले. नौरोसजी वाडिया यांनी १८७९ साली बॉम्बे डाइंग सुरू केली. त्यांच्या मुलांनी, सर नेस आणि सर कुसरो यांनी, वडिलांच्या नावे १९२६ साली प्रसूतिगृह आणि आईच्या नावे १९२९ साली मुलांचे इस्पितळ उभारले. पारशी घराण्याच्या या दातृत्वापुढे मान लवते. त्याचबरोबर याच घराण्याची स्प्रिंग मिल नायगावात होती आणि तिच्या भोंग्यावर इथली घरे उठत होती, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या मुलांसाठी हे इस्पितळ झाले, त्यांच्याच घामाचा वाटा त्या पैशात होता. म्हणजे दान होते आणि परतफेडही होती. असे असताना केसपेपर हातात घेऊन उभ्या असलेल्या बापाने ओशाळून का उभे राहावे?

पण दान एकदा दिले की संस्था कायमची जगते असे होत नाही. २०२० च्या जानेवारीत वाडिया रुग्णालयाच्या निधीचा वाद टोकाला गेला. विश्वस्त, महापालिका आणि राज्य शासन या तिघांच्या हिशेबात इस्पितळ अडकले, रुग्णांना दाखल करून घेणे अवघड झाले, कर्मचारी आणि पालक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिथे शासनाला कानपिचक्या मिळाल्या आणि पैशाची वाट मोकळी झाली. कुणाचा कागद बरोबर होता याचा निवाडा आम्ही करत नाही. आम्ही एवढेच पाहिले की तिन्ही बाजूंना थांबणे शक्य होते, मुलांना नव्हते. तेव्हा पालकांनी सब्र केला असता तर तो गुण ठरला असता काय? आमच्या मते ती अमानतीतली कसूर ठरली असती.

याहून कठोर उदाहरण भंडाऱ्याचे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे दगावली. त्यांच्या आया त्या वेळी बाळांजवळ नव्हत्या, कारण अशा कक्षात आईला सतत राहता येत नाही. ती बाहेर असते, भरवशावर. त्या मातांना सब्र अल्लाहने द्यावा, ही आपली दुआ. पण व्यवस्थेने त्यांना सब्र सांगू नये. व्यवस्थेने त्यांना जबाब द्यावा.

आईने कुठे असावे, हा प्रश्नही जगाला उशिरा सुचला. इंग्लंडमध्ये एके काळी इस्पितळातल्या मुलाला भेटण्यावर आईबापांना कडक बंधने होती. मुले रडतात, वॉर्डाची शिस्त बिघडते, असे कारण दिले जाई. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली इस्पितळातल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला, तेव्हा गप्प झालेले मूल शांत नसून खचलेले असते हे लोकांना दिसले. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईबापांना मुलाजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली. इथेही तीच चूक होती. मुलाच्या असहायतेला त्याचा समजूतदारपणा मानले गेले. बाळाचे रडणे ऐकून आईचा जीव कासावीस होईल म्हणून प्रेषित नमाज आटोपती घेत, अशी हदीस आहे. ज्या रडण्यासाठी नमाज आखूड होते, त्यासाठी वॉर्डाचा नियम थोडा वाकायला हरकत नसावी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी आणि धर्मादाय इस्पितळांतले निवासी डॉक्टर सलग किती तास उभे असतात, एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात, हे आम्ही पाहिले आहे. त्यांच्यावर हात टाकणारे नातेवाईकही पाहिले आहेत. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली कायदा करावा लागला, ही आपणा सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे. तिथे सब्र आपल्याला लागू आहे, आणि तो कुणी सांगण्याची वाट न पाहता आपण करायचा आहे. थकलेल्या माणसाचा तुटक शब्द माफ करावा. जाणूनबुजून केलेला अपमान आणि दडवलेली माहिती मात्र माफीच्या खात्यात टाकू नये. पहिल्यात सामनेवालाही आपल्यासारखाच हतबल असतो, दुसऱ्यात नसतो.

मग आपण काय करावे? इस्पितळात भेटायला जाताना उपदेश घरी ठेवून जावे. आजाऱ्याची विचारपूस ही आपल्याकडे इबादत मानली आहे. मुलाच्या आईला दोन तास झोप मिळावी म्हणून खाटेजवळ बसणे, ही सर्वांत चांगली बीमारपुर्सी. अर्ज लिहिता न येणाऱ्याला अर्ज लिहून द्यावा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. आपल्या मोहल्ल्यांत किती जणांना ती माहीत आहे? जकातीचे पैसे घेऊन धावणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. हक्काची खाट मागायला सोबत येणारी माणसे कमी आहेत.

त्या बुरखेवाल्या आईच्या शेजारी त्या रात्री एक जरी माणूस उभा राहिला असता आणि शांतपणे म्हणाला असता, "बाई, मुलाच्या आजाराचे तेवढे बोला," तर तिला सब्र सांगण्याची वेळ कुणावर आली नसती. अल्लाहची मर्जी म्हणून जे येते ते आईबाप सोसतातच. त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. माणसांच्या हलगर्जीमुळे जे येते ते त्याच खात्यावर मांडणे हा अल्लाहवरही अन्याय आहे, असे आम्हाला वाटते.