पगारपत्रकावरचं नाव

‘ती माणसं आमची नाहीत, एजन्सीची आहेत.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात, दवाखान्यात, वसतिगृहात हे वाक्य आज सहज कानावर पडतं. पहारेकऱ्याबद्दल, सफाई करणाऱ्या बाईबद्दल, संगणकावर नोंदी करणाऱ्या मुलाबद्दल ते बोललं जातं, आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसतं. २०२५ मध्ये मात्र हेच वाक्य शिक्षकांबद्दल बोललं जाण्याची वेळ आली. आदिवासी विकास विभागाने शासकीय आश्रमशाळांतली शिक्षकांची १,७९१ पदं बाह्ययंत्रणेमार्फत भरायचं ठरवलं. त्या शाळांत वर्षानुवर्षं रोजंदारीवर आणि तासिका तत्त्वावर काम केलेल्या माणसांनी जुलैमध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडलं आणि ते महिनोन्‌महिने हललं नाही.

हे दूर नाशिकचं भांडण नाही. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या तालुक्यांतल्या शासकीय आश्रमशाळा आहेत. विनवळ, पळसुंडा, सूर्यमाळ इथली मुलं शाळा सुटल्यावर घरी जात नाहीत. तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. रात्री ताप आला तर मूल अधीक्षिकेला उठवतं. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंची कारणं शोधायला सरकारला डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली, त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत. अशा ठिकाणी ‘आमची नाहीत’ या शब्दांचं वजन मंत्रालयातल्या लिफ्टजवळ असतं त्याहून खूप जास्त असतं.

कंत्राटीकरणाची कहाणी वाचकाला ठाऊक आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींना सरकारी कार्यालयांसाठी अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल मनुष्यबळ पुरवायला मान्यता दिली. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय मागे घेत असल्याची घोषणा झाली. निर्णय कोणत्या सरकारच्या काळात सुरू झाला यावर बराच वाद रंगला. दोनच वर्षांत आश्रमशाळांच्या निमित्ताने तीच पद्धत परत आली. तेव्हा पक्षांची भांडणं बाजूला ठेवून त्या पद्धतीकडेच पाहायला हवं.

तिचं मूळ रूप खासगी उद्योगात सापडतं. परदेशातल्या एखाद्या कंपनीला पुण्यात दोन अभियंते हवे असतात. तिचं इथे कार्यालय नसतं, भविष्य निर्वाह निधीचा संकेतांक नसतो, इथले कामगार कायदे तिला माहीत नसतात. मग एक तिसरी संस्था त्या दोघांना कागदोपत्री आपल्या नोकरीत घेते. पगार, कर, निधी, विमा सगळं तीच पाहते. काम परदेशी कंपनीचं, कायद्याने मालक ही तिसरी संस्था. ज्याला इथे पत्ताच नाही त्याच्यासाठी ही सोय समजण्यासारखी आहे. महाराष्ट्र शासनाला मात्र जव्हारला पत्ता आहे. प्रकल्प अधिकारी आहे, लेखा शाखा आहे, तालुक्याला उपकोषागार आहे, कर्मचाऱ्यांची वेतनदेयकं काढणारी ‘सेवार्थ’ ही स्वतःची संगणकप्रणाली आहे. परक्याची सोय घरधन्याने का वापरावी?

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, आणि हा सगळा वाद त्यांच्या सरमिसळीतून वाढलेला आहे. पगार काढणं ही एक गोष्ट आणि मालक असणं ही दुसरी. हजेरी मोजणं, कपाती करणं, चलन भरणं, पगाराची चिठ्ठी देणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते कोणालाही सोपवता येतं. मालक असणं म्हणजे माणूस निवडणं, त्याला हुकूम देणं, त्याने केलेल्या कामाचं उत्तर देणं आणि त्याचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायला बांधील असणं. बाह्ययंत्रणेच्या करारात पहिल्या गोष्टीच्या नावाखाली दुसरीही देऊन टाकली जाते. हुकूम देण्याचा अधिकार तेवढा खात्याकडे राहतो. वर्गावर कोणी जायचं, रात्री कोणी थांबायचं, पोषण आहाराची नोंद कोणी ठेवायची हे मुख्याध्यापकच सांगतो. पगार अडकला की तोच मुख्याध्यापक हात वर करतो.

पगारपत्रकांच्या धंद्यातली माणसं यावर जे म्हणतात ते ऐकण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं असं: खात्याच्या थेट रोजंदारीत तरी काय मिळत होतं? देयक मंजुरीच्या फेऱ्यात महिनोन्‌महिने अडकायचं, निधी कापलाच जायचा नाही, अपघात झाला तर विमा नाही. एजन्सीला निदान १२ टक्के कापून, त्यात स्वतःचे १२ टक्के घालून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरावे लागतात. चुकली तर व्याज आणि दंड. माणसाला त्याचा कायमचा खातेक्रमांक मिळतो, मोबाइलवर शिल्लक दिसते. नुसत्या चिडीपेक्षा चोख हिशेब बरा.

यातलं हिशेबाबद्दलचं म्हणणं खरं आहे. हे लोक ते मांडतात तेव्हा रोजंदारीवरच्या कामाठ्याचा अनुभव त्यांच्या बाजूने साक्ष देतो. पण चोख हिशेब हा त्यांचा सगळा युक्तिवाद असेल, तर त्यातून हिशेबनीस नेमण्यापलीकडे काही सिद्ध होत नाही. शिक्षिकेला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार चलन भरणाऱ्याकडे का जावा, याचं उत्तर त्यात नाही. शिवाय निधी भरलाच गेला नाही तर मोखाड्याच्या शिक्षिकेने दाद मागायला जायचं वसईच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात, शंभरावर किलोमीटर, दिवसाची मजुरी बुडवून. एजन्सीचं कार्यालय तर मुंबईत असेल किंवा आणखी कुठल्या राज्यात. जव्हारचं प्रकल्प कार्यालय, जिथे ती रागावून का होईना उभी राहू शकत होती, तिथे तिला सांगितलं जाईल की तुमचा आमचा संबंध नाही.

या मुलखाला अशा ‘संबंध नाही’चा इतिहास आहे. तो थोडा विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत ब्रिटिश काळात कूपांचे, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलतुकड्यांचे, लिलाव व्हायचे. झाडं सरकारची, तोड ठेकेदाराची आणि घाम वारल्यांचा. मजुरी किती द्यायची, कशात द्यायची, द्यायची की नाही हे ठेकेदार ठरवायचा. वन खातं लिलावाची रक्कम मोजून मोकळं व्हायचं. मजूर त्याच्या दप्तरात कुठेच नसायचा. सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेर आदिवासींच्या स्थितीवर मुंबई सरकारला अहवाल दिला, त्यात वेठ आणि पिळवणूक सरकारी भाषेत नोंदली गेली. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला. पुढच्या वर्षी जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया मजुरी ही मागणी घेऊन संप झाला, तो ठेकेदारांशी होता. पण त्या ठेकेदारांना जंगल कोणी दिलं हे संपकऱ्यांना नीट माहीत होतं. १९४७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी सोसायट्यांचा मार्ग काढला. कूप ठेकेदाराऐवजी मजुरांच्याच सोसायटीला द्यायचं. पुढे या सोसायट्यांचं सगळं सुरळीत झालं असं कोणी म्हणणार नाही. तरी त्या निर्णयामागे एक स्पष्ट समज होती: सरकारी कामावरचा मजूर मधल्या माणसाच्या मर्जीवर सोडता येत नाही. रोजगार हमीच्या कायद्यातही ही समज उतरली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामांवर ठेकेदार लावायला मनाई केली आणि पुढे मजुरी थेट मजुराच्या खात्यात देण्याची पद्धत आली. म्हणजे मोखाड्यात बांध घालणाऱ्या मजुरासाठी सरकारने ठेकेदार नाकारला आणि त्याच मजुराच्या मुलीला गणित शिकवणाऱ्यासाठी तो आणला.

कायदाही सरकारला पुरतं मोकळं सोडत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने वेतन थकवलं तर मूळ मालकाने ते द्यावं आणि ठेकेदाराकडून वसूल करावं अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही ही जबाबदारी कायम आहे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांनी ‘कचरा वाहतूक श्रमिक संघा’मार्फत वर्षानुवर्षं लढा दिला. कायदा तेव्हा २० कामगारांपासून लागू होत असल्याने तिथे एकेका ठेकेदाराकडे १८ कामगार दाखवले जायचे. अखेर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. डिसेंबर २०२४ मध्ये ‘जग्गो’ खटल्यात न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्ना वराळे यांच्या पीठाने केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांना न्याय देताना, बाह्ययंत्रणा हे सरकारी संस्थांनी जबाबदारी टाळण्याचं साधन बनू लागल्याची चिंता नोंदवली. पण मुंबईच्या कामगारांपाशी संघटना होती, कामगार भवन हाताशी होतं. सूर्यमाळच्या एकट्या अधीक्षिकेने हा कायदा कसा वापरायचा?

जव्हार-मोखाड्यात याला आणखी एक पदर आहे, आणि तो सगळ्यांत बोचरा आहे. हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. २०१४ पासून राज्यपालांच्या अधिसूचनांनी अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका यांच्यासारखी १७ संवर्गांची पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. २०२० मध्ये आंध्रच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के आरक्षण रद्द केलं, त्याचे पडसाद इथे उमटले आणि ‘पेसा भरती’ म्हणून ओळखली जाणारी या राखीव पदांची भरती अडली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली, त्यांच्या मागण्यांत ही अडलेली भरतीही होती. त्या उमेदवारांना मग मानधनावर नेमलं गेलं. आता एजन्सी आली की हा प्रश्नच पुसला जातो, कारण तिच्या यादीला आरक्षणाची बिंदुनामावली लागत नाही. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर मुलांसमोर त्यांच्या बोलीत समजावणारा शिक्षक उभा राहावा, ही मूळची गरज कुठल्या निविदेत लिहायची?

इथवर आल्यावर निष्कर्ष सोपा दिसतो: एजन्सी हटवा. नाशिकच्या आंदोलकांची मागणीही तिथूनच सुरू होते. पण त्यांच्याच हकिकती नीट ऐकल्या तर पाय अडखळतो. तासिकेवरच्या शिक्षकाला जूनमध्ये बोलावलं जातं, परीक्षा संपली की थांबवलं जातं, सुट्टीचा पगार नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवा आदेश. हे सगळं एजन्सी येण्यापूर्वीचं आहे, खात्याच्या स्वतःच्या शिक्क्याने केलेलं. हुकूम द्यायचा पण बांधील राहायचं नाही, ही रीत विभागाने आधीच बसवली होती. एजन्सीने तिला लेटरहेड दिलं. तेव्हा एजन्सी गेली आणि तासिका परत आली, तर निधीचे ते १२ टक्केही हातचे जातील. पगारपत्रकवाल्यांचा मुद्दा इथे पुन्हा मान्य करावा लागतो, त्यांना अभिप्रेत नसलेल्या कारणासाठी.

काही राज्यांनी मधला मार्ग काढला आहे. आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये खासगी ठेकेदारांऐवजी सरकारी महामंडळ उभं केलं आणि बाह्यस्रोतांच्या जागांतही आरक्षण ठेवलं. हरियाणाने २०२१ मध्ये कौशल रोजगार निगम काढलं, उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये तसंच निगम मंजूर केलं. कमिशन वाचतं, पगार एका ठिकाणाहून निघतो. पण मालक तिसराच राहतो. तो सरकारी असला तरी शाळेत काम सांगणारा वेगळा आणि कागदावरचा वेगळा, ही फट तशीच राहते.

म्हणून मागणी एजन्सीपासून सुरू न होता मंजूर पदापासून सुरू व्हायला हवी. पळसुंड्याच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाचं पद मंजूर आहे, मुलं रोज वर्गात बसतात, म्हणजे काम बारमाही आहे. त्या पदाचं नियुक्तिपत्र आदिवासी विकास विभागाने द्यावं, निवड पेसाच्या नियमांना धरून व्हावी, मे महिन्याचा पगार निघावा. तो पगार कोणत्या संगणकावर मोजला, कोणत्या संस्थेच्या माणसाने चलन भरलं, याला मग हरकत घेण्याचं कारण राहत नाही. उलट जव्हारच्या लेखा शाखेत माणसं अपुरी असतील तर ते काम बाहेर द्यावंच. आणि ज्यांनी दहा-दहा वर्षं तासिकेवर शिकवलं त्यांची सेवा मोजायला सुरुवात कुठून करायची, हे ठरवताना विभागाला एजन्सीची दप्तरं लागणार नाहीत. ते सगळे आदेश त्याच्याच कपाटात आहेत.