मोरीतून गेलेलं पाणी

निलंग्यात नळाला पाणी कधी येणार, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. माकणीच्या धरणात किती साठा उरला याची चर्चा पारावर होते, चहाच्या टपरीवर होते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस या जिल्ह्यानं पाहिलेत. घागरी-घागरीचा हिशेब आपल्या अंगवळणी पडलाय. पण तो मोरीपाशी येऊन थांबतो. भांड्यांचं पाणी जाळीतून खाली गेलं, की त्याच्याशी आपला संबंध संपला असं आपण धरून चालतो. मग एके दिवशी नाली तुंबते आणि सगळी गल्ली नाकाला पदर लावून नगरपरिषदेच्या माणसाची वाट बघत बसते.

तुंबण्याची सुरुवात फार साधी असते. तूप, डालडा गार झाले की गोठतात. गोडेतेल गोठलं नाही तरी पाइपाला आतून चिकटून राहतं. त्यात आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. साबणाचा फेस कमी आणि पांढरा साका जास्त. या चिकट थरावर केस, चहाचा चोथा, भाताची शितं बसत जातात. एरवी भरपूर पाण्याच्या लोटानं यातलं बरंचसं पुढे वाहून गेलं असतं, पण टंचाईच्या गावात मोरीतून धारच बारीक वाहते. पाणी वाचवणं योग्यच आहे. म्हणूनच ज्या घरात पाणी कमी, त्या घरानं मोरीत काय जातं याची काळजी दुप्पट घ्यायला हवी. कढई घासण्याआधी जुन्या कागदानं किंवा राखेनं पुसून घ्यावी, चहाचा चोथा झाडाला घालावा, न्हाणीतल्या जाळीवरचे केस रोज उचलावेत. एवढ्यानं पुष्कळ भागतं. तुंबल्यावर ॲसिड ओतणं मला पटत नाही. त्याची वाफ आपल्याच डोळ्यात जाते, आणि पुढे चेंबर उघडणाऱ्या माणसाच्या हातालाही ते भाजू शकतं.

हॉटेलवाल्यांची जबाबदारी याहून मोठी. सकाळी निलंगा राइसची कढई चढते, तेव्हा तेलाला हात आखडत नाहीत. चव तिथंच आहे. पण कढई धुतल्यावर ते तेल आणि उरलेली शितं बाजारातल्या सामाईक नालीत जातात. भांडी धुण्याच्या जागेला ग्रीस ट्रॅप बसवता येतो. त्या पेटीत पाणी थोडा वेळ थांबतं, तेल वर तरंगतं, शितं तळाशी बसतात आणि मधलं पाणी पुढे जातं. पेटी वेळच्या वेळी उपसली पाहिजे, नाहीतर ती असून नसल्यासारखी. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबीचा सुमारे 130 टनांचा गोळा सापडला होता. तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले. तिथंही सुरुवात अशाच भांड्यांच्या पाण्यानं झाली होती.

नाली तुंबली की शेवटी कुणीतरी माणूस त्यात हात घालतो. गाडगेबाबा दिवसा गावातली घाण स्वतः उपसायचे आणि रात्री त्याच गावासमोर कीर्तनाला उभे राहायचे. बाबांना जाऊन सहा दशकं उलटून गेली. माणसाला गटारात, टाकीत उतरवण्याविरुद्ध 2013 साली कायदा झाला, आणि गटारातल्या मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये करण्याचा आदेश 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, म्हणजे माणसं अजूनही उतरवली जात होती. आपल्या मोरीतून गेलेल्या तेलाचा आणि त्या माणसाचा संबंध आहे, हे घराघरांत मुलांना सांगितलं पाहिजे.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं उघड्या नाल्याच काढून टाकल्या. घरोघर शोषखड्डे केले आणि सांडपाणी जागच्या जागी मुरवलं. डबकी गेली, डासही हटले. पुढे जिल्हा परिषदेनं रोजगार हमीतून हे काम इतर गावांत नेलं आणि ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. निलंग्याच्या कडेच्या वस्त्यांत, आसपासच्या खेड्यांत, जिथं घराला अंगण आहे तिथं हे सहज होण्यासारखं आहे. आपली जमीन काळी, तिच्यात पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि बोअरपासून लांब घ्यावा लागतो. खड्ड्याच्या आधी खरकटं आणि तेलकट अडवणारी छोटी टाकी हवी. ती उपसली नाही तर दगडांच्या फटी बुजतात आणि खड्डाही तुंबतो. टाकी आपल्याच अंगणात असल्यामुळं उपसायला दुसरं कुणी येणार नसतं. टेंभुर्णीच्या बायाबापड्यांनी हे काम आपलं मानलं.