पंचास न दिसलेला गोल

फुटबॉलच्या खेळाविषयीं बोलणें निघालें म्हणजे एक प्रश्न फिरून फिरून येतो. पंचाची चूक झाली व ती खेळाडूस पक्की ठाऊक असली, तर त्यानें आपण होऊन सांगावें काय? पुष्कळ लोक म्हणतात कीं, निवाडा करणें हें पंचाचें काम, खेळाडूनें खेळावें. गांवच्या तंट्यांत ज्यांनीं साक्षीदार पाहिले आहेत त्या वाचकांस हें उत्तर ओळखीचें वाटेल. 'मला विचारलें कोणी?' असें तेथेंही म्हणतात.

इंग्लंडांतील प्रीमियर लीगमध्यें 20 संघ असतात, आणि हंगामाअखेर तळचे 3 संघ खालच्या वर्गांत उतरविले जातात. ही गोष्ट केवळ मानाची नव्हे. दूरचित्रवाणीपासूनचें मोठें उत्पन्न आटतें, खेळाडू विकावे लागतात, आणि कचेरींतील कारकुनाच्या नोकरीवरही गदा येऊं शकते. म्हणून एकेका गुणासाठीं आटापिटा चालतो.

17 जून 2020 रोजीं बर्मिंगहॅम येथें ॲस्टन व्हिला व शेफील्ड युनायटेड यांचा सामना झाला. महामारीमुळें बंद पडलेली लीग त्याच दिवशीं पुन्हां सुरू झाली होती. मैदानांत प्रेक्षक नव्हते. शेफील्डनें मारलेला चेंडू व्हिलाच्या गोलरक्षकानें धरला खरा, परंतु धरतांना तो चेंडूसकट रेषेच्या आंत गेला. गोल झाल्यास पंचाच्या मनगटावरील घड्याळास कळविणारें यंत्र तेथें होतें. तें मुकें राहिलें. चित्रें पाहणारा दुसरा पंचही बोलला नाहीं. यंत्राच्या कंपनीनें मागाहून क्षमा मागितली व सांगितलें कीं, सातही कॅमेऱ्यांच्या आड खेळाडू व खांब आले होते; 9000 हून अधिक सामन्यांत असें प्रथमच घडलें. सामना 0-0 सुटला. हंगाम संपला तेव्हां व्हिलाचे 35 गुण झाले, बोर्नमथ व वॉटफर्ड यांचे 34. तें दोघे उतरले, व्हिला तरला.

त्या गोलरक्षकाचें मन तपासण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमचा प्रश्न सर्वसाधारण आहे. अशा वेळीं जो जाणतो त्यास एक मोठा आधार सांपडतो: 'मी बोललों तर माझ्याच लोकांच्या पोटावर पाय येईल.' हा आधार क्षुद्र नाहीं. स्वार्थापेक्षां प्रेमाचाच त्यांत भाग अधिक असतो. परंतु कारकून बोर्नमथ येथेंही होते. मौनानें नुकसान टळत नाहीं, तें दुसऱ्या गांवाच्या माथीं जातें. आणि तें गांव आपल्या डोळ्यांसमोर नसतें इतकाच काय तो फरक.

बोललें तर काय होतें, याचेंही उदाहरण आहे. 24 मार्च 1997 रोजीं लंडन येथें आर्सेनलविरुद्ध लिव्हरपूलचा रॉबी फाउलर गोलरक्षकासमोर पडला, आणि पंचानें पेनल्टी दिली. फाउलरनें हात हालवून सांगितलें कीं, मला कोणी पाडलें नाहीं. पंचानें ऐकलें नाहीं. मग फाउलरनेंच चेंडू मारला. तो गोलरक्षकानें अडविला, पण परतलेल्या चेंडूवर त्याच्या सोबत्यानें गोल केला. लोक पहिल्या भागावर टाळ्या वाजवितात व दुसऱ्यावर नाक मुरडतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. साक्ष देणें त्याच्याकडे होतें, तें त्यानें केलें; निवाडा त्याच्याकडे नव्हता.

न बोलणें एक, आणि अंगानें खोटें बोलणें दुसरें. 2002 च्या विश्वचषकांत तुर्कस्तानाविरुद्ध ब्राझीलच्या रिव्हाल्डोस चेंडू लागला पायाला, आणि तो तोंड धरून कोसळला. तुर्की खेळाडूस मैदानाबाहेर जावें लागलें. रिव्हाल्डोस मागाहून दंड झाला, पण सामना ब्राझीलनें जिंकला होता. अशा सोंगास आपल्या खेळाडूचें असल्यास चातुर्य म्हणतात, दुसऱ्याचें असल्यास लबाडी. हे दोन्ही शब्द एकाच तोंडून, कधीं कधीं एकाच दुपारीं निघतात.

आणि पंच? त्याला तर क्षणांत ठरवावें लागतें, आणि भोंवतीं हजारों लोक ओरडत असतात. स्वीडनचे अँडर्स फ्रिस्क हे नामांकित पंच. 2005 सालीं बार्सिलोना व चेल्सी यांच्या सामन्यानंतर त्यांस व त्यांच्या कुटुंबास जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत त्यांनीं पंचाचें काम कायमचें सोडून दिलें.